मुलाला सोडून परत निघता येत नाही: अमेरिकेतील कब स्काउट्स आणि एका मराठी आईचा अनुभव

मुलगा पहिलीत असताना, सप्टेंबर २०१८ मध्ये, शाळेतून कब स्काउट्सच्या, म्हणजे स्काउट चळवळीतील लहान मुलांच्या विभागाच्या, नावनोंदणीचा कागद घरी आला. न्यू जर्सीत येऊन आम्हाला तेव्हा तीन वर्षे झाली होती आणि पोहणे, बुद्धिबळ, कराटे अशा क्लासची रीत अंगवळणी पडली होती: फी भरायची, मुलाला दारात सोडायचे आणि तासाभराने न्यायला यायचे. त्याच हिशेबाने पहिल्या बैठकीला जाताना मी ऑफिसचा लॅपटॉप बरोबर घेतला होता. दारातच एका गृहस्थांनी नम्रपणे सांगितले की, पहिलीच्या मुलांबरोबर घरातील एका मोठ्या माणसाने पूर्ण वेळ बसायचे असते, आणि तेही मुलाच्या शेजारी, जमिनीवर. ते गृहस्थ म्हणजे त्या पॅकचे, म्हणजे कब स्काउट्सच्या स्थानिक पथकाचे, कबमास्टर (प्रमुख). ते दिवसा विमा कंपनीत नोकरी करतात आणि या कामाचा एक डॉलरही घेत नाहीत, हे मला नंतर कळले.

नव्या मराठी पालकांना सर्वांत आधी सांगावेसे वाटते ते हेच. बालवाडीपासून पाचवीपर्यंतच्या मुलांचा एक पॅक असतो, त्यात इयत्तेनुसार सहा-आठ मुलांचे छोटे गट, म्हणजे डेन, असतात आणि प्रत्येक डेन कोणाची तरी आई किंवा कोणाचे तरी वडील चालवतात. मी स्वतः महाराष्ट्रातील शाळेत गाईड होते. तिथे पथक शाळेचे असे, गाईड कॅप्टन आमच्याच बाई असत आणि आईवडिलांचा संबंध गणवेशाच्या पैशांपुरता येई. इथे पालक मागे हटले की डेनच बंद पडते. आमच्या पॅकमध्ये हे एकदा झाले, तेव्हा ती मुले दुसऱ्या गटात वाटून द्यावी लागली. त्यांतली निम्मी वर्षअखेरीपर्यंत टिकली नाहीत.

बैठका चर्चच्या तळघरात भरतात, हे ऐकून माझ्या सासूबाईंनी पुण्याहून काळजी व्यक्त केली होती. प्रत्येक पॅकला कोणत्या तरी स्थानिक संस्थेचे पालकत्व असते आणि ती संस्था अनेकदा चर्च असते, एवढाच त्याचा अर्थ. स्काउटच्या बारा नियमांतील शेवटचा नियम श्रद्धेविषयी आहे, परंतु ती श्रद्धा कोणत्या धर्माची असावी हे घराने ठरवायचे असते. हिंदू मुलांसाठी ‘धर्म’ नावाचे पदकही आहे. माझ्या मुलाने ते घेतले, त्या निमित्ताने आजीशी दर रविवारी फोनवर बोलला आणि सासूबाईंची काळजी आपोआप मिटली.

खरी काळजी वेगळीच होती. मुलगा दुसरीत असताना, फेब्रुवारी २०२० मध्ये, स्काउट्सच्या राष्ट्रीय संघटनेने (तेव्हाचे नाव ‘बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका’) दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे जुन्या काळातील लैंगिक अत्याचारांविषयी सुमारे ८२,००० दावे दाखल झाले आणि नुकसानभरपाईची रक्कम २४६ कोटी डॉलरपर्यंत गेली. अर्जाची बातमी आली त्या आठवड्यात आम्ही दोघांनी मुलाचे नाव काढून घ्यावे का, यावर बराच विचार केला. शेवटी थांबलो ते नियम नीट वाचून आणि ते पाळले जातात का हे डोळ्यांनी पाहून: प्रत्येक कार्यक्रमाला किमान दोन नोंदणीकृत प्रौढ हजर हवेत, कोणताही प्रौढ दुसऱ्याच्या मुलाबरोबर एकटा राहत नाही आणि मुलाला संदेश पाठवायचा तर तोही दुसऱ्या मोठ्या माणसाला दिसेल असाच पाठवायचा. हे प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावेत, त्यात संकोचण्यासारखे काही नाही. उत्तर देताना जो पॅक चुळबुळ करील, तो सोडून द्यावा.

संकोच मला झाला तो पॉपकॉर्नच्या वेळी. शरद ऋतूत मुले दुकानाबाहेर टेबल मांडून पॉपकॉर्नची पाकिटे विकतात आणि त्यातून पॅकचा वर्षाचा खर्च निघतो. आपले मूल अनोळखी माणसांसमोर उभे राहून ‘घेता का?’ म्हणते आहे, हे पाहताना मी चक्क खांबाआड उभी होते. मग आठवले की गाईडमध्ये आम्हीही ‘खरी कमाई’ करत होतो आणि मी स्वतः दारोदार जाऊन अगरबत्त्या विकल्या होत्या. तिसऱ्या ‘नाही’नंतर मुलाचा आवाज खुलला. माझा संकोच जायला मात्र आणखी दोन वर्षे लागली.

खाण्यापिण्याचे थोडक्यात सांगते. शिबिरात हॉट डॉग असतातच, त्यामुळे शाकाहारी असल्यास आधी कळवावे. शेकोटीवर भाजायच्या मार्शमेलोमध्ये प्राण्यांपासून बनवलेले जिलेटिन असते, हे आम्हाला दोन वर्षांनी समजले. तेव्हापासून बिनजिलेटिनचे पाकीट मी बरोबर नेते. मुलांना देण्यासाठी काहीही करून नेण्यापूर्वी ॲलर्जीची यादी पाहावी. मी हौसेने नेलेली शेंगदाण्याची चिक्की डब्यासकट गाडीत परत ठेवावी लागली होती.

पाइनवुड डर्बी या लाकडी गाड्यांच्या शर्यतीविषयी मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण पालकांचे खरे रूप तिथे दिसते. मुलाला पाइनच्या लाकडाचा एक ठोकळा, चार चाके आणि आसांसाठी चार खिळे मिळतात. त्यातून गाडी बनवायची, तिचे वजन ५ औंसांपेक्षा, म्हणजे साधारण १४२ ग्रॅमपेक्षा, जास्त असता कामा नये आणि ती उतरत्या रुळावरून केवळ गुरुत्वाकर्षणाने धावते. ही शर्यत १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली ती बापलेकांनी मिळून काही करावे म्हणून. आमच्या घरी लेक पहिल्याच संध्याकाळी बाजूला पडला. नवरा मेकॅनिकल इंजिनिअर असल्याने स्वयंपाकघरातला वजनकाटा आठवडाभर त्याच्याकडे होता. खिळे घासून आरशासारखे झाले, चाकांना ग्रॅफाइटची पूड लागली आणि गाडी तिसरी आली. बक्षीस घेताना मुलाला विचारले, ‘कशी बनवलीस?’ तर त्याने बाबांकडे बोट दाखवले.

पुढच्या वर्षी करवत तेवढी बाबांनी चालवायची, बाकी सगळे मुलाने, असा करार झाला. दुसऱ्याच फेरीत चाक निखळले, गाडी शेवटची आली आणि मुलगा घरापर्यंत रडत होता. त्यातून तो काही शिकला असे मी म्हणणार नाही, तो नुसता रडला. पण गाडी त्याची होती, आणि चाक का निखळले हे त्याला ठाऊक होते. धाकटीचा ठोकळा या वर्षी आला आहे आणि चाकांची रेषा जुळवणे तरी आपल्याकडे असावे, असे नवऱ्याचे अजूनही म्हणणे आहे.

धाकटी पॅकमध्ये येऊ शकली, कारण २०१८ पासून कब स्काउट्स मुलींनाही खुले झाले. तिसरीत तिला खिशातला चाकू वापरण्याचे शिक्षण मिळाले. आधी साबणाची वडी कोरायची, हात पसरून कोणी जवळ नाही ना हे पाहायचे आणि मग परवान्याचे कार्ड मिळवायचे. नियम मोडला की त्या कार्डाचा एक कोपरा कापला जातो आणि चारही कोपरे गेले की परवाना संपतो. तिचा एक गेला आहे. तो मीच कापला, कारण तोपर्यंत त्या डेनची लीडर मीच झाले होते.

मुलगा मार्च २०२३ मध्ये ट्रूपमध्ये, म्हणजे मोठ्या मुलांच्या स्काउट पथकात, गेला आणि तिथे सगळे उलटे झाले. शिबिराचा बेत, बाजारहाट आणि स्वयंपाक मुलांनीच करायचा असतो, पालकांनी दूर बसायचे. पहिल्या शिबिरात त्यांच्या गटाने तेल विसरून पॅनकेक केले आणि तव्याला चिकटलेले तुकडे खरवडून खाल्ले. आपल्या ओळखीतील काही पालक इथपर्यंत येतात ते ईगल या स्काउटमधील सर्वोच्च पदावर डोळा ठेवून, कॉलेजच्या अर्जासाठी. त्यासाठी २१ मेरिट बॅज (एकेका विषयातील कौशल्याची पदके), समाजोपयोगी प्रकल्प आणि इतर अटी पूर्ण करून वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी काम संपवायचे असते. आईवडील मागे लागून बॅज गोळा करणारी मुले मी पाहिली आहेत आणि त्यांना तंबू धड उभारता येत नाही, हेही पाहिले आहे.

नावनोंदणी बहुधा सप्टेंबरमध्ये असते. जाण्यापूर्वी दोन-तीन पॅकच्या बैठका पाहून घ्याव्यात आणि मुलाच्या इयत्तेच्या डेनला लीडर आहे का, हे अवश्य विचारावे. मात्र हा प्रश्न विचारल्यावर सगळे तुमच्याचकडे पाहू लागतील, याची तयारी ठेवूनच जावे.