धुऊन काय जातं, काय जात नाही

सफरचंदाच्या सालीवर बोट फिरवलं की जो चिकट थर लागतो, तो बहुतेक वेळा मेणाचा असतो. फवारलेलं औषध डोळ्यांना दिसत नाही. नुसतं नळाखाली धरण्यापेक्षा लिटरभर पाण्यात दोन चहाचे चमचे खायचा सोडा विरघळवा, फळं त्यात 12 ते 15 मिनिटं ठेवा, मग वाहत्या पाण्यात चोळून धुवा. सालीवरचा अंश बराच निघतो. आत मुरलेलं आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसातून पसरणारं, कीटकनाशक मात्र कशानेच धुतलं जात नाही. तिथे साल काढणं हाच थोडाफार इलाज. भांड्यांचा साबण अजिबात नको, तो सालीत मुरतो.

धातूंचं गणित वेगळं. पालेभाजीवरचं शिसं पुष्कळदा मातीधुळीतून आलेलं असतं, म्हणून देठाच्या बेचक्यातली माती नीट काढा. कॅडमियम मुळांवाटे पानात चढतं, ते धुऊन जात नाही. एकच भाजी रोज न खाता बदलत राहणं बरं.

तांदळात आर्सेनिक असतं, हातसडीच्या तांदळात जास्त, कारण ते कोंड्यात साठतं. तांदूळ उकळत्या पाण्यात पाच मिनिटं शिजवून ते पाणी ओतून टाका, मग ताज्या पाण्यात मंद आचेवर भात करा. आर्सेनिक निम्म्याहून कमी होतं. काही जीवनसत्त्वंही त्या पाण्याबरोबर जातात, पण रोज भात खाणाऱ्याने हा सौदा करावा असं मला वाटतं. अर्थात पाण्यातच आर्सेनिक असेल तर हा खटाटोप उलटा पडतो.