इम्पॅक्ट गोट्यांचा सेट घेताय? या चुका टाळा

पुण्यात वारज्याला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी कुणी ना कुणी चाक खोलून बसलेलं असतं. नट सोडवायच्या, बॅटरीवर चालणाऱ्या इम्पॅक्ट गन स्वस्त झाल्यापासून ही हौस फारच वाढली आहे. हौसेला माझी हरकत नाही, मीही त्यातलाच. पण दहा-साडेदहाला बेल वाजते आणि दारात कुणीतरी हात काळे करून उभा असतो. "काका, एक नट गोल झालाय, जरा येता का?" हा नट गोल झालेला असतो गोटी चुकीची लावल्यामुळे. दरवेळी तीच तऱ्हा, म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

गोटी म्हणजे सॉकेट, नटावर टोपीसारखं बसतं ते. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत सॉकेट म्हणा नाहीतर गोटी, दुकानदार तेच काढून देईल.

चकचकीत गोटी गनला लावणे

माझ्या भाच्याने गन घेतली तेव्हा जुलै चालू होता. त्याच्या मारुतीचं मागचं चाक काढायचं होतं, कारण ब्रेक किंचाळत होते. चाक त्याआधी बायपासवरच्या एका टायरवाल्याने बसवलेलं. त्याने हवेच्या गनने नट असे आवळले होते की डिकीतला एल पाना नुसता वाकत होता. भाच्याकडे घरचा क्रोमचा सेट होता, आरशासारखा चमकणारा. त्यातली १९ मिलिमीटरची गोटी त्याने गनला अडकवली. मी म्हटलं थांब, वरून माझी काळी इम्पॅक्ट गोटी आणतो. "मामा, पाच सेकंदांचं काम आहे."

पाच सेकंदही लागले नाहीत. मी जिन्यात असतानाच फट्ट असा आवाज आला. परत येऊन पाहिलं तर गोटी कोपऱ्यातून उभी चिरलेली, अगदी तडकलेल्या बांगडीसारखी. क्रोमचा एक कपचा मागच्या बंपरच्या प्लॅस्टिकमध्ये रुतला होता, कापलेल्या नखाएवढा. दुसऱ्याने त्याच्या चष्म्याच्या काचेवर ओरखडा काढला होता. नंबरचा चष्मा होता म्हणून डोळा वाचला. नट जिथल्या तिथेच.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे दुकानात कुणी गंडवणार नाही. गन नट सलग फिरवत नाही, ती ठोके मारते. आत एक हातोडा फिरत असतो आणि तो मिनिटाला हजारो वेळा ऐरणीवर आपटतो. हाताने वापरायची गोटी अडचणीच्या जागेत शिरावी म्हणून पातळ भिंतीची आणि झिजू नये म्हणून कडक केलेली असते. कडक पोलाद सावकाश दिलेला जोर सोसतं, ठोके सोसत नाही. आतल्या कोपऱ्यात बारीक चीर पडते आणि तिथून गोटी फुटते. वरचा क्रोमचा मुलामा काचेसारखा उडतो, तो वेगळाच. इम्पॅक्ट गोटीची भिंत जाड असते. पोलाद थोडं मऊ पण चिवट ठेवलेलं असतं आणि वर मुलाम्याऐवजी काळं फॉस्फेट असतं.

आता सेटवर 'क्रोम-मॉली' छापलंय म्हणून उड्या मारू नका. नुसत्या धातूच्या नावाने गोटी ठरत नाही. क्रोम-व्हॅनेडियमच्याही चांगल्या इम्पॅक्ट गोट्या असतात. खरा फरक उष्णता-प्रक्रियेत आणि भिंतीच्या जाडीत असतो. आणि काळा रंग तर कुणीही फासतो. मी गोटी हातात घेऊन तीन गोष्टी बघतो. एक, त्याच मापाच्या साध्या गोटीशेजारी ठेवल्यावर ती उघड जाड आणि वजनदार लागली पाहिजे. दोन, चौकोनी तोंडाच्या बाजूला आरपार भोक हवं. तिथे पिन आणि रबरी रिंग बसते, म्हणजे गनवरून गोटी उडून जात नाही. तीन, माप कोरलेलं हवं, स्टिकरवर नको. आयएसओ २७२५-२ किंवा डीआयएन ३१२९ लिहिलेलं असेल तर उत्तम. यंत्राने वापरायच्या गोट्यांची ती मानकं आहेत. लिहिलंय म्हणून खरंच असेल असं नाही, पण बनवणाऱ्याचं नावही नाही आणि मानकही नाही, असा माल मी दुकानातच ठेवून येतो.

उलटं मात्र चालतं. इम्पॅक्ट गोटी रॅचेटला किंवा टॉमीला (साध्या दांडीला) लावून हाताने खुशाल वापरा. जड लागते इतकंच.

आणि चष्मा. नंबरचा असो वा नसो, साधा सेफ्टी गॉगल घ्या. गनवर हजारोंनी खर्च करणारा माणूस शंभर-दीडशेच्या गॉगलसाठी विचार करत बसतो, हे मला कधीच कळलेलं नाही.

नग मोजून सेट घेणे

स्वस्त सेट घेताना नवशिक्याची नजर पहिली जाते ती नगांच्या आकड्यावर. याच्यात चाळीस, त्याच्यात बावीस, मग चाळीसवाला घ्या. घरी आल्यावर पेटी उघडली की कळतं, निम्म्या गोट्या इंची आहेत. आपल्याकडच्या गाड्यांचे नटबोल्ट मिलिमीटरमध्ये. ती निम्मी पेटी नुसती ओझं.

ओझंच राहिली असती तर ठीक होतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची ह्युंदाई आहे, चाकाचे नट २१ चे. त्यांच्या चाळीस नगांच्या पेटीत १९ होती, २२ होती, २१ नव्हती. त्यांनी शोधून शोधून एक गोटी लावली. ती "आरामात बसली." बसणारच, ती सात सूत होती. जुन्या मिस्त्रींना सूत सांगावं लागत नाही, नव्यांसाठी सांगतो. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. सात सूत म्हणजे २२.२ मिलिमीटर. २१ च्या नटावर सव्वा मिलिमीटरची मोकळीक आणि वर गनचे ठोके! तीन सेकंदांत सहाही कोन मेले, नट सुपारीसारखा गुळगुळीत.

मला बोलावलं तेव्हा त्यांच्या हातात छिन्नी होती. ती आधी काढून घेतली. त्यांच्याच पेटीत तेरा-सोळांश इंची गोटी सापडली, म्हणजे साडेसहा सूत, २०.६ मिलिमीटर. मूळ नटापेक्षा केसभर लहान. ती गोल झालेल्या नटावर हातोडीने ठोकून बसवली, लांब टॉमी लावली आणि दोघांनी जोर केला. नट कुरकुरत सुटला. मग गोटीत अडकलेला नट मागून पंच घालून बाहेर काढायला वीस मिनिटं गेली. शेजारी म्हणाले, "बघा, इंची गोटी उपयोगाला आली की नाही!" मी काही बोललो नाही. नवा नट नाना पेठेतून आणला आणि येताना २१ ची एक सुटी गोटीही घेऊन आलो.

माझी सवय सांगतो. सेट बघायच्या आधी गाडीपाशी जा. चाकाचा नट, ब्रेकच्या कॅलिपरचे बोल्ट, शॉकअपच्या खालचा बोल्ट यांना साधे पाने लावून मापं घ्या आणि कागदावर लिहा. मारुती आणि होंडाच्या बहुतेक गाड्यांना चाकाला १९ लागते, ह्युंदाई आणि टोयोटाला २१. फोक्सवॅगनच्या पोलोला नट नसून १७ चे बोल्ट असतात. जपानी घराण्याच्या गाडीत बाकीचं काम १०, १२, १४, १७ मध्ये निघतं. युरोपीय गाडीत १३, १६, १८ लागतात. एवढ्या मापांचे अर्ध्या इंची ड्राइव्हचे (म्हणजे गनवर बसणारा चौकोन अर्ध्या इंचाचा), सहा कोनांचे, लांब गोट्यांचे आठ-दहा नग घेतलेत की घरचं जवळपास सगळं काम होतं. लांब अशासाठी, की नटाबाहेर आलेला स्टड (ज्यावर नट फिरतो तो आटेदार दांडा) आखूड गोटीच्या तळाला टेकतो आणि गोटी नटावर अर्धीच बसते.

पैसे कमी असतील तर सेट घेऊच नका. १७, १९, २१ अशा तीन सुट्या चांगल्या गोट्या घ्या. बाकीच्या लागतील तशा. रविवार पेठेत हातात घेऊन, तोलून, तुमच्या गनच्या चौकोनावर बसवून बघता येतं. फोटो बघून मागवलेल्या पेटीत ते होत नाही. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी मीही जातो, पण वाइस आणि टॅप बघायला. तिथल्या गोट्यांचे आतले कोन बोट फिरवून पाहा, बहुतेक झिजलेले असतात.

बारीकसारीक, पण महागात पडणारं

बारा कोनी गोटी गनला नको. कोनांवर कमी पकड, नट लवकर मरतो.

इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि इम्पॅक्ट रेंच वेगळे. ड्रायव्हर पाव इंची षटकोनी बिटचा, स्क्रूसाठी. त्याला अडॅप्टर लावून चाकाचे नट काढायला गेलात तर अडॅप्टर मोडेल, आणि मोडावाच.

काळी गोटी आणि मध्ये चकचकीत एक्स्टेंशन, हेही नको. साखळीची सगळ्यात कच्ची कडी तीच. लांब एक्स्टेंशनमध्ये ठोक्याचा जोरही मरतो.

अलॉय व्हील असेल तर जाड गोटी भोकात शिरते का ते आधी बघा. न शिरली तर बाहेरून प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या पातळ भिंतीच्या गोट्या मिळतात, बहुधा १७ निळी, १९ पिवळी, २१ लाल. जाड गोटी जबरदस्तीने घालाल तर अलॉयला चरा पडेल आणि घरी बोलणी बसतील.

इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट आणि स्पार्क प्लग यांच्या आसपास गन नेऊसुद्धा नका. अॅल्युमिनियमचे आटे गेले की गोट्यांच्या सेटच्या कित्येक पट खर्च होतो.

गनने आवळणे

गन सोडवण्यासाठी आहे. भाच्याच्या चाकाचं जे झालं ते त्या टायरवाल्याने गनने आवळल्यामुळेच. लहान मारुतीच्या चाकाच्या नटाला साधारण ८५ ते १०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, लागतो, पोलोला १२०. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. गनचा घोडा दाबून धरलात तर एखाद-दोन सेकंदांत हा आकडा कुठल्या कुठे जातो. स्टड ताणला जातो, नट वाकडा सुरू झाला असेल तर आटे खरवडले जातात. पुढच्या वेळी रस्त्यात पंक्चर झालं की तुमच्या घरच्यांना एल पान्याने तो नट सुटत नाही. कात्रजच्या घाटात, पावसात, रात्री हे करून बघा एकदा.

नट हाताने दोन-तीन आटे फिरवायचा. तो बोटांनी फिरला नाही तर काढून परत लावायचा. मग साध्या पान्याने समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे आणि चाक जमिनीवर टेकल्यावर टॉर्क पान्याने शेवटचा हात द्यायचा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर मी पुन्हा एकदा तपासतो. "एवढा वेळ कुणाला आहे" असं म्हणणाऱ्यांनी सरळ गॅरेजला जावं.

पुण्याच्या पावसाळ्यात काळ्या गोट्यांवर आठवड्याभरात तांबडी झाक येते. फॉस्फेट क्रोमसारखं राखत नाही. मी काम झालं की ऑइल लावलेल्या फडक्याने पुसतो, तेच फडकं पेटीत तळाला अंथरतो आणि पेटी जमिनीवर न ठेवता माळ्यावर टाकतो. भाच्याची फुटलेली १९ ची गोटीही त्याच पेटीत आहे. कुणी नवा सेट दाखवायला आला की आधी ती त्याच्या हातात देतो.