फॉर्म भरला की ट्रेलोवर कार्ड: कोड न लिहिता ऑर्डरची जोडणी

भोसरीतल्या छोट्या फॅब्रिकेशन युनिटमध्ये पीओ (ग्राहकाची खरेदी ऑर्डर) व्हॉट्सॲपवर येतो, ड्रॉइंग मेलवर आणि डिलिव्हरीची तारीख सुपरवायझरच्या डायरीत राहते. हे सगळं एका बोर्डवर आणायला प्रोग्रामर लागत नाही. गूगल फॉर्म, त्याचं शीट, ट्रेलो (कामांची कार्डं लावायचा ऑनलाइन बोर्ड) आणि मधला दुवा म्हणून मेक (ॲप्स एकमेकांना जोडणारी ऑनलाइन सेवा), एवढ्यावर भागतं.

सुरुवात मेकपासून नको, शीटपासून करा. फॉर्ममध्ये पाचच प्रश्न ठेवा: पीओ नंबर, ग्राहक, वस्तू, नग, डिलिव्हरीची तारीख. वस्तूला ड्रॉपडाउन द्या. हाताने लिहायला दिलं तर एकच ब्रॅकेट चार स्पेलिंगने येतो. तारखेखाली ‘गुरुवार सोडून’ असं लिहा, नाहीतर साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी डिलिव्हरी कबूल केली जाते. मग ‘रिस्पॉन्सेस’ टॅबमधून शीट जोडा आणि शीटच्या ‘फाइल’, ‘सेटिंग्ज’मध्ये लोकेल (कोणत्या देशाच्या पद्धतीने तारीख लिहायची ते) भारत, टाइम झोन कोलकाता करा. हे राहिलं तर ३ जुलै शीटमध्ये ०७/०३ असा उमटतो आणि पुढे ७ मार्च म्हणून वाचला जातो.

ट्रेलोवर एक बोर्ड, त्यात लिस्ट: नवीन ऑर्डर, कटिंग, बेंडिंग, वेल्डिंग, पावडर कोटिंग, डिस्पॅच.

आता मेकमध्ये नवा सिनॅरिओ, म्हणजे कामांची साखळी, उघडा. त्यातलं पहिलं मॉड्यूल (टप्पा) नव्या ओळी शोधणारं गूगल शीट्सचं ‘वॉच न्यू रोज’, दुसरं ट्रेलोचं ‘क्रिएट अ कार्ड’, तिसरं ग्राहकाला पोच देणारं जीमेलचं (त्यासाठी फॉर्ममध्ये ईमेल घेण्याची सोय चालू करा). गूगल आणि ट्रेलो ही दोन्ही खाती ऑफिसच्या सामाईक ईमेलने जोडा. एखाद्या कर्मचाऱ्याच्या खात्यावर जोडलं तर तो नोकरी सोडून गेला की जोडणी तुटते. कार्डाच्या नावात पीओ नंबर आधी, मग ग्राहक, मग वस्तू. तारीख मेकच्या ‘पार्सडेट’ (मजकुरातून तारीख ओळखणाऱ्या) फंक्शनमधून द्या आणि दिवस/महिना/वर्ष हा क्रम सांगा. मेकच्या सेटिंग्जमधला टाइम झोनही तपासा. तो यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असला तर मध्यरात्रीची मुदत कार्डावर पहाटे साडेपाचची दिसते.

कुठून सुरुवात करायची असं विचारलं जातं, तेव्हा ‘फ्रॉम नाऊ ऑन’ निवडा. ‘ऑल’ निवडलंत तर जुन्या ओळींचीही कार्डं तयार व्हायला लागतात. मग एक खोटी ऑर्डर भरा, ‘रन वन्स’ दाबा आणि कार्ड उघडून तारीख डोळ्यांनी बघा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती मेकने शीट किती वेळाने तपासायचं या वेळापत्रकात. मेकच्या फुकट प्लॅनमध्ये महिन्याला १,००० क्रेडिट (त्याच्या कामाचं मोजमाप) मिळतात आणि नवी ओळ सापडो न सापडो, प्रत्येक तपासणीला एक क्रेडिट जातं. दर १५ मिनिटांनी तपासलं तर दिवसाला ९६, महिन्याला २,८८०. म्हणजे अकराव्या दिवशीच सगळं बंद. तपासणी दर तासाला ठेवली तर ७२० जातात, उरतात २८०. एका ऑर्डरला कार्ड आणि मेल मिळून दोन क्रेडिट, म्हणजे महिन्याला १४० ऑर्डरी निघतात. बहुतेक छोट्या युनिटला एवढं पुरतं.

शीटला एकदा जोडणी केली की तिथे हात आवरायला हवा. मधे एक जरी रिकामी ओळ राहिली तरी तिच्या खालचं काही मेक वाचत नाही. ओळी सॉर्ट केल्या किंवा पुसल्या तर नवीन कोणती हेच त्याला कळत नाही. मधे कॉलम घुसवला तर ग्राहकाच्या जागी नग येतात, कारण जोडणी कॉलमच्या अक्षरावर असते. हिशेबासाठी वेगळा टॅब घ्या आणि तिथे डेटा फॉर्म्युल्याने ओढा.

कार्ड ‘डिस्पॅच’मध्ये सरकलं की मुदत पूर्ण झाल्याची खूण करणं, सुपरवायझरला कार्डावर जोडणं ही कामं ट्रेलोच्या स्वतःच्या ‘ऑटोमेशन’ मेनूत होतात. त्यासाठी मेकची क्रेडिट खर्चू नका. स्थिती परत शीटमध्ये हवी असेल तर दुसऱ्या सिनॅरिओत ‘अपडेट अ रो’ वापरा. ‘ॲड अ रो’ वापरलं तर नव्या ओळीतून नवं कार्ड, त्यातून पुन्हा नवी ओळ, असं चक्र फिरत राहतं.

लागोपाठ तीनदा चूक झाली की मेक, सेटिंग्ज बदलली नसतील तर, सिनॅरिओ स्वतःहून बंद करतो आणि खात्याच्या ईमेलवर कळवतो. तो ईमेल असा असावा, की ऑफिसात आल्या आल्या कुणीतरी रोज उघडतं.