बाइकला उंच हँडल बसवायचंय? आधी वायरी मोजा

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागल्यावर देवलापारला चहासाठी थांबता आणि उतरताना खांदे भरून आलेले असतात, बोटांना मुंग्या आलेल्या असतात. असं होत असेल तर उंच हँडलाचा विचार जरूर करा. ‘चार बोल्टांचं तर काम आहे भाऊ’ असं कोणीही सांगेल. बोल्ट खरंच चारच असतात. बाकीचं सगळं काम वायरींचं.

मी पहिल्यांदा चार इंच उंच हँडल लावलं तेव्हा उभ्या गाडीवर सगळं झकास दिसत होतं. मग धरमपेठेतल्या एका गल्लीत गाडी वळवायला हँडल पूर्ण फिरवलं, आणि गाडीने आपणहून रेस घेतली. ॲक्सिलेटरची वायर तोकडी पडून ताणली गेली होती. समोर भिंत नव्हती म्हणून वाचलो.

म्हणून खरेदीआधी माप. गाडी मेन स्टँडवर लावा आणि जॅकेट-बूट घालून रोजच्यासारखे बसा. डोळे मिटून, कोपर किंचित वाकवून हात सहज पुढे करा. मुठी जिथे थांबतील तिथून जुन्या ग्रिपपर्यंतचं अंतर मित्राला टेपने मोजायला सांगा. किती वर आणि किती मागे, दोन्ही आकडे लिहून ठेवा. माझं उत्तर दीड इंच आलं, चार नाही! हँडल जितकं उंच तितकी छाती ताठ, आणि ऐंशीच्या वेगाला सगळा वारा छातीवर. शिवाय मनगटावरचा भार कमरेखाली उतरतो, त्यामुळे सीट कडक असेल तर दुखणं फक्त जागा बदलतं. इंचभरच हवं असेल तर जुन्याच हँडलाखाली रायझरचे ठोकळे लावून पाहा.

हँडलाची जाडीही बघा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना 22 मिमीचं हँडल असतं. काही मोठ्या टूरिंग गाड्यांचं हँडल क्लॅम्पपाशी, म्हणजे मधे बोल्टांनी आवळतात तिथे, 28.6 मिमी आणि टोकांना 22 मिमी असतं. गाडी वॉरंटीत असेल तर आधी विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीवरच्या तपशिलांशी विसंगत ठरतील असे बदल करू देत नाही, हेही ध्यानात असू द्या.

उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर उरका. पारा 45 च्या आसपास गेला की पानाही हातात धरवत नाही. टाकीवर जुनी चादर टाका, कारण ब्रेक ऑइलचा थेंब रंग खातो. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि प्रत्येक वायर कुठून कशी गेली आहे त्याचे फोटो काढा.

आता आरसे, टोकांची वजनं, ग्रिप, स्विच बॉक्स आणि क्लच लिव्हर काढा. ग्रिप निघत नसेल तर आत साबणाचं पाणी सोडून पिळा. ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेक लिव्हरजवळची ऑइलची डबी, काढला की सुतळीने सरळ उभाच बांधून ठेवा. तो आडवा झाला तर लाइनमध्ये हवा शिरू शकते.

नवं हँडल क्लॅम्पमध्ये सैलसर बसवा, गाडीवर बसून कोन ठरवा, मग बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने आवळा. किती आवळायचे ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना, नसेल तर एवढ्यापुरता मिस्त्रीकडून मागून आणा. स्विच बॉक्सच्या आत एक छोटी पिन असते, तिच्यासाठी नव्या हँडलाला भोक लागतं. काही जण पिनच कापून टाकतात. तसं करू देऊ नका, नाहीतर बॉक्स हँडलावर फिरत राहतो.

यानंतर खरी परीक्षा. हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून प्रत्येक वायर आणि ब्रेक पाइप बघा: कुठे ताण नको, कुठे घडी नको. वायर तोकडी वाटली तर तिच्याच मार्गाने सुतळी लावून, हँडल वळवून लांबी मोजा आणि तेवढी लांब वायर आणा. ओढून-ताणून चालवलेली क्लच वायर लिव्हर अर्धवट दाबून ठेवते आणि प्लेट जळतात. ब्रेक पाइप बदलायचा असेल तर तांब्याचे वायसर नवे, ऑइल झाकणावर लिहिलंय तेच, आणि हवा काढण्याचं काम जाणकाराचं. एबीएसच्या गाडीत तर हातच घालू नका.

डावी ग्रिप ग्रिपच्या गमने चिकटवा आणि रात्रभर सुकू द्या. उजव्या बाजूला ॲक्सिलेटरच्या नळीच्या आत गम जाता कामा नये. मूठ सोडली की ती झटकन परत आलीच पाहिजे. मग बॅटरीची वायर परत जोडा, गाडी न्यूट्रलमध्ये चालू करून हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवा. इंजिनचा आवाज जरासुद्धा चढला तर गाडी बाहेर काढू नका. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट तपासा, आरसे नव्याने लावा.

चाचणीला रामटेक बरं, साधारण 50 किमी आणि गडावर जाताना वळणंही मिळतात. परत आल्यावर चारही बोल्ट पुन्हा पान्याने बघा. माझा एक बोल्ट पाव फेरा सैल निघाला होता.