तुंगारेश्वरचा ओहोळ: गर्दी टाळून कसं जायचं

वसईजवळच्या चिंचोटी धबधब्यावर रविवारी माणसंच जास्त, पाणी कमी दिसतं. मी त्यापेक्षा तुंगारेश्वर अभयारण्यातल्या ओहोळावर जाते, तेही आठवड्याच्या मधल्या वारी.

दादरहून सकाळची विरार लोकल, वसई रोडला उतरून पूर्वेला रिक्षा, तुंगारेश्वर फाटा. गेटवर वनखात्याची पावती घ्या आणि पहिला प्रश्न हाच विचारा: आज पाण्यात उतरायला बंदी आहे का? पावसाळ्यात धबधब्यांवर मनाईचे आदेश निघतात. बंदी असेल तर वाद घालू नका, महादेवाच्या देवळापर्यंत चाला आणि परत या. तेवढंही पुरतं.

जुलैतल्या धो-धो पावसात मी जात नाही. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, पाऊस उघडझाप करत असताना पाणी स्वच्छ असतं. दिवाळीनंतर नुसते दगड उरतात.

आता महत्त्वाचं. पाण्यात असताना नजर वरच्या बाजूला ठेवा. नितळ पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला की डोंगरावर पाऊस पडलाय असं समजा आणि लगेच काठावर चढा. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. एकदा मी चपला शोधत बसले. दोन मिनिटांत बसायचा दगड दिसेनासा झाला. चपला गेल्याच.

म्हणून आता मागे पट्टा असलेल्या सँडल घालते. शेवाळावर बूटही घसरतात, तेव्हा हिरवे दगड टाळायचे. डबा घरचा न्या, कचरा परत आणा. चारला परत निघा; बिबट्याचं रान आहे.