‘सोलॉन’ हे कुणाचं नाव नव्हे

आधी माझी चूक सांगतो. वृत्तपत्राच्या रात्रपाळीत परदेशी बातम्या मराठीत आणायचं काम माझ्याकडे होतं. फिलिपिन्सच्या राजधानीतून, मनिलाहून आलेल्या एका बातमीचा मथळा होता, ‘सोलॉन सीक्स प्रोब’. मी बिनदिक्कत लिहिलं, ‘चौकशी करा : सोलॉन यांची मागणी’. दुसऱ्या दिवशी वृत्तसंपादकांनी अंक पुढ्यात टाकला. “हे सोलॉन कोण? खाली मजकुरात तर भलत्याच खासदाराचं नाव आहे!”

आपल्याकडे सत्यवचनी तो हरिश्चंद्र, कळ लावणारा तो नारद; तसा इंग्रजीत शहाणा कायदेकर्ता म्हणजे सोलॉन. मूळ माणूस प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्सचा. इ.स.पू. ५९४ मध्ये तो तिथला आर्कन, म्हणजे प्रमुख अधिकारी झाला. कर्जात बुडालेली माणसं तेव्हा स्वतःचा देहच तारण ठेवत आणि फेड झाली नाही की गुलाम होत. आपल्या सातबाऱ्यावर बोजा चढतो ना, तसे तिथे जमिनीत दगड रोवलेले असत. ते आपण उपटले, परदेशी विकले गेलेले लोक परत आणले, असं सोलॉन स्वतःच्याच कवितेत सांगतो. त्या सुधारणेचं ग्रीक नाव ‘सैसाख्थिया’. अर्थ काय, तर बोजा झटकणं! आधीचा कायदेकर्ता ड्रेकोन याचे कायदेही त्यानं मनुष्यवधाचे तेवढे ठेवून रद्द केले. (या ड्रेकोनवरूनही इंग्रजीत ‘ड्रेकोनियन’ आला, पण तो जुलमी कायद्यासाठी.) मग सोलॉन दहा वर्षं देशाबाहेर निघून गेला. आपलेच कायदे बदलायची गळ कुणी घालू नये म्हणून, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो.

आता शब्द ओळखायचा कसा? वाक्यात पहिलं अक्षर लहान असेल तर तो सामान्य नाम. मोठं असेल तर बहुधा खुद्द अथेन्सवाला. घोळ होतो तो मथळ्यात, कारण तिथे शब्दांची पहिली अक्षरं मोठीच छापतात. मी तिथेच फसलो. शेवटी ‘एस’ लागून ‘सोलॉन्स’ झालं असेल तर शंकाच नको. तरीही मजकुराचा पहिला परिच्छेद वाचल्याशिवाय मथळ्याला हात लावू नका. अमेरिकी आणि विशेषतः फिलिपिन्सच्या वृत्तपत्रांना हा शब्द प्रिय आहे, कारण इंग्रजीत तो पाचच अक्षरांत बसतो. ‘लेजिस्लेटर’ला दहा लागतात. अशा मथळ्यात शहाणपणाचा काही संबंध नसतो. सोलॉन म्हणजे निव्वळ विधिमंडळाचा सदस्य.

म्हणून मराठी करताना त्याला ‘ज्ञानी कायदेकार’ करू नका, सरळ ‘खासदार’ लिहा. फिलिपिन्सच्या संसदेचं नाव ‘काँग्रेस’ आहे, त्यामुळे ‘काँग्रेसचे खासदार’ लिहिलंत तर वाचक थेट आपल्या पक्षावर जाईल. अमेरिकेतल्या राज्याचा सदस्य असेल तर ‘राज्य विधिमंडळाचा सदस्य’ म्हणावं. जिथे खरोखर गौरव आहे तिथे मला ‘स्मृतिकार’ जवळचा वाटतो. ‘विधिज्ञ’ किंवा ‘कायदेपंडित’ नको. ते कायदा जाणणारे, करणारे नव्हेत.

तिसरा वापर टोमण्याचा. समजा, मध्यरात्री सदस्यांनी स्वतःचंच मानधन वाढवून घेतलं आणि इंग्रजी स्तंभलेखकानं त्यांना ‘अवर सोलॉन्स’ म्हटलं, तर ‘आपले खासदार’ एवढ्यानं भागत नाही. ‘विधिमंडळातले आपले बृहस्पती’ म्हणा, मग टोचेल.

स्वतः इंग्रजीत लिहिताना मात्र जपून. अर्जात, परीक्षेच्या निबंधात किंवा आमदारांना पाठवायच्या पत्रात हा शब्द घालू नका. आदरानं लिहिलं की खवचटपणे, ते कळायला मार्ग नसतो. गमतीच्या लेखात, शब्दकोड्यात खुशाल वापरा.

बोलताना पहिल्या ‘सो’वर जोर द्यायचा. स्पेलिंगमध्ये दोन्ही ठिकाणी ‘ओ’ आहे, तो तपासा. पहिल्या ‘ओ’चा ‘ए’ झाला तर केस कापायचं दुकान, दुसऱ्याचा झाला तर हिमाचलमधलं सोलन.