आवडलेलं आत्मकथन खोटं निघालं म्हणतात, तेव्हा वाचनकट्टा कसा सांभाळायचा

बातमी आली त्याच आठवड्यात कट्टा भरवू नका. मी भरवला, म्हणून सांगते.

2025 चा जुलै. बाहेर आमचा बेळगावचा पाऊस, शहापुरातल्या माझ्या घरच्या सोप्यावर बारा-तेरा माणसं, आणि चहाचे कप वाटता वाटता मी बोलून गेले, "ते तंबू घेऊन चालणाऱ्या नवरा-बायकोचं पुस्तक होतं न्हवं? ते सगळं खरं नाही म्हणे." सगळ्यांच्या आधी आपल्याला कळलंय, याची एक गोडी असते. शाळेत सत्तावीस वर्षं पोरांची चहाडखोरी मोडली, पण माझी काही मोडली नाही.

पुस्तक होतं रेनर विन यांचं 'द सॉल्ट पाथ', 2018 सालचं. लेक पुण्याहून घेऊन आली होती. कट्ट्यावर इंग्रजी सगळ्यांना झेपत नाही, म्हणून पाच शनिवार मी ते मराठीत सांगितलं. राहतं घर गेलेलं जोडपं, नवऱ्याला मेंदूचा बरा न होणारा आजार, तरी दोघं पाठीवर बिऱ्हाड टाकून इंग्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यावरची 630 मैलांची पायवाट चालतात, आणि चालता चालता नवऱ्याला उभारी येते. जगभर वीस लाखांवर प्रती खपल्या, सिनेमा निघाला. मग जुलैत 'ऑब्झर्व्हर' या ब्रिटिश वर्तमानपत्रानं विचारलं की घर गेलं ते पुस्तकात सांगितलंय तसंच गेलं का, त्यामागे जुन्या नोकरीतल्या पैशांचं काही प्रकरण होतं का, आणि ज्या आजारात माणूस साधारण सहा ते आठ वर्षं काढतो त्यात हे गृहस्थ इतकी वर्षं कसे. लेखिकेनं बातमी दिशाभूल करणारी आहे असं उत्तर दिलं, डॉक्टरांची पत्रं पुढे ठेवली. प्रकाशकांनी तिचं पुढचं पुस्तक लांबणीवर टाकलं.

मी हे भडाभडा सांगत असताना कोपऱ्यातल्या वहिनींनी कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच. त्यांच्या यजमानांना कंपवात आहे. पुस्तक ऐकल्यापासून त्या रोज सकाळी सहाला त्यांना हाताला धरून व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फिरवायला न्यायच्या. हे मला ठाऊक होतं. तोंड उघडताना आठवलं नाही. पुढचे दोन शनिवार त्या आल्या नाहीत, आणि फिरणंही बंद पडलं असं शेजारून कळलं.

तेव्हा बातमी कळली की आधी आपल्या लोकांची यादी डोळ्यांपुढे आणा. या पुस्तकाच्या जिवावर कुणी काय केलंय? कुणी औषध बदललं, कुणी पैसे दिले, कुणी घरातल्या माणसाला "बघ, ते बरे झाले" म्हणून धीर दिला? अशा माणसाच्या घरी आधी जायचं. फोन नको. मी तिसऱ्या आठवड्यात गेले, म्हणजे उशिराच. वहिनींनी आत बोलावलं, पण बसा म्हणायला वेळ लावला. शेवटी मी एवढंच म्हटलं, की फिरण्याचं पुस्तकाला विचारू नका, डॉक्टरांना विचारा. त्यांनी विचारलं. कंपवातात चालणं, व्यायाम चांगलाच, हे डॉक्टरांनी आधीपासून सांगितलेलं निघालं, फक्त तेव्हा ते कुणी कानावर घेतलं नव्हतं. डॉक्टर गोष्ट सांगत नाहीत, चिठ्ठी लिहितात.

आता कट्ट्यावरच्या माणसांचं. कोण काय बोलणार ते आधीच धरून चाला, म्हणजे घाबरायला होत नाही.

"मला तेव्हाच शंका आली होती" म्हणणारे दोघं-तिघं हमखास निघतात. त्यांच्यासाठी देवघेवीची वही ठेवा. आमच्याकडे पुस्तक परत करताना एक ओळ लिहायची पद्धत आहे. ज्या मामांना तेव्हाच शंका आली होती, त्यांची ओळ अशी: "अप्रतिम. डोळ्यात पाणी आले. नातवास वाचावयास देणे." मी वही त्यांच्यापुढे सरकवली, मोठ्यानं वाचली नाही. मामा हसले आणि चष्मा पुसत बसले. हसून सोडून द्यायचं. वाचताना भाबडं होणं हा काही गुन्हा नाही. भाबडं झालोच नव्हतो असं दाखवण्यातच खरी पंचाईत.

"सगळेच थोडं वाढवून सांगतात की" म्हणणाऱ्यांना विचारायचं, थोडं म्हणजे किती? इथून पुढे काम सुरू होतं.

आणि तिसरे, बातमी आणणाऱ्यावर चिडणारे. हे मला फार आधी घरात कळलं होतं. 1924 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन टिळकवाडीत भरलं, गांधीजी अध्यक्ष झाले ते फक्त याच अधिवेशनाचे, आणि तेव्हा खणलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणून उभी आहे. बेळगावात ज्याच्या त्याच्या आजोबांनी गांधीजींना त्या विहिरीचं पाणी दिलेलं असतं. माझ्याही आजोबांनी दिलं होतं. तांब्या कुठल्या हातात होता, गांधीजी काय बोलले, सगळं ते करून दाखवायचे. पुढे वाटणीच्या कामासाठी मी त्यांच्या शाळेचा दाखला काढला, तर जन्म 1921 चा. तीन वर्षांचं पोर पाण्याचा तांब्या काय उचलणार? स्वयंसेवक होते ते त्यांचे थोरले भाऊ, जे तरुणपणीच गेले. मी हे आत्याला सांगितलं, तर आत्या आजोबांवर नाही रागावली, माझ्यावर रागावली. "मेलेल्या माणसाचा दाखला काढून काय मिळवलंस गं?" सहा महिने बोलली नाही. कारण ती गोष्ट आत्यानं सासरी सांगितली होती, जावांना, पोरांना, व्याह्यांना. आजोबा खोटे पडले की त्यांच्याबरोबर तीही पडत होती.

म्हणून कट्ट्यावर कुणी लेखकाची बाजू घेऊन तावातावानं बोलायला लागलं, तर लगेच पुरावे काढू नका. आधी विचारा, "तुम्ही हे पुस्तक कुणाकुणाला दिलंत?" आकडा सांगता सांगता माणूस निम्मा शांत होतो.

नंतरच्या शनिवारी मात्र पुरावा काढायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेलं काहीही चालणार नाही हा नियम. मूळ बातमी पूर्ण आणि लेखकाचं उत्तर पूर्ण, दोन्ही मोठ्यानं वाचायची, आणि वाचणारी माणसं वेगवेगळी. आम्ही आरोप मामांना दिले आणि उत्तर वाचायला निपाणीचे अण्णा, ज्यांनी आयुष्यभर तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिले. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर रेघा मारल्या: काय सांगितलं, कुणी पाहिलं, कागद कुठला, आणि शेवटचं घर, फायदा कुणाचा. शेवटचं घर अण्णांनी वाढवलं. म्हणाले, "खातेवहीत चुका होतातच की, बाई. पण चुका कधी देणं वाढवतात, कधी येणं. सगळ्या चुका एकाच बाजूला झुकायला लागल्या की समजायचं, हात चुकत नाही, मन चुकतंय."

मला यापेक्षा चांगली कसोटी मिळालेली नाही. आठवण चुकते तेव्हा ती कशीही चुकते: साल चुकतं, पाऊस होता की ऊन ते चुकतं, कधी स्वतःच्याच गैरसोयीचं चुकतं. ओळखायचं ते चुकांचा कल बघून.

कसोटी लावून बघायला दोन जुनी प्रकरणं घ्या. अमेरिकेतल्या जेम्स फ्रे यांनी 2003 मध्ये व्यसनातून सुटल्याची आत्मकथा लिहिली. 2005 मध्ये ऑप्रा विन्फ्री यांनी ती आपल्या कार्यक्रमात निवडली आणि लाखांनी खपली. जानेवारी 2006 मध्ये एका संकेतस्थळानं पोलिसांचे कागद काढले: पुस्तकात सत्त्याऐंशी दिवसांचा तुरुंगवास, प्रत्यक्षात काही तास. ऑप्रांनी आधी फोन करून त्यांची पाठराखण केली, दोन आठवड्यांत त्यांनाच समोर बसवून जाब विचारला. म्हणजे आमच्या कट्ट्यावरचा सगळा प्रकार त्या एका बाईनं एकटीनं करून दाखवला. प्रकाशकाला पैसे परत द्यावे लागले. पुठ्ठ्याच्या प्रतीचं 163 वं पान फाडून पाठवायचं आणि खरं माहीत असतं तर घेतलंच नसतं असं शपथेवर लिहून द्यायचं. मागणारे दोन हजारसुद्धा निघाले नाहीत. (आमच्याकडे एकानं वीस रुपये वर्गणी परत मागितली. मी दिली. पुढच्या शनिवारी ती परत वहीत जमा.)

दुसरं प्रकरण ग्वातेमालाच्या रिगोबेर्ता मेंचू यांचं. माया समाजावरच्या अत्याचारांची त्यांची कहाणी 1983 मध्ये पुस्तकरूपानं आली, 1992 मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. 1999 मध्ये डेव्हिड स्टोल या मानववंशशास्त्रज्ञानं दाखवलं, की काही प्रसंग त्यांनी डोळ्यांदेखतचे म्हणून सांगितले ते तसे घडले नव्हते, भावाच्या मृत्यूचासुद्धा. भावाला लष्करानं मारलं होतं, हे मात्र खरं. त्याच वर्षी सत्यशोधन आयोगाच्या अहवालात मारल्या गेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या माणसांचा आकडा दोन लाखांवर गेला. नोबेल काढून घेतलं नाही.

अण्णांच्या घरात दोन्ही भरून बघा. फ्रे यांच्या चुका फ्रे यांना उंच करतात. मेंचू यांच्या चुका त्यांच्या माणसांचं ओझं एका बाईच्या खांद्यावर आणून ठेवतात. दोन्ही चुकाच, पण मी दोन्हींना एक शब्द वापरणार नाही. कट्ट्यावर यावर भांडण झालं. व्हायलाच पाहिजे. विन बाईंच्या बाबतीत आमची दोन घरं अजून रिकामी आहेत, ती मी कुणाला भरू दिलेली नाहीत.

एक गोष्ट चटकन तपासून घ्या, मुखपृष्ठावर काय छापलंय ती. निपाणीच्या पलीकडे कागल, तिथल्या आनंद यादवांच्या 'झोंबी'ला आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणतात. तो एक शब्द लेखकाला मोकळीक देतो आणि वाचकाला सावध करतो. 'सत्यकथा' म्हणून विकायचं आणि पकडल्यावर 'माझं सत्य' म्हणायचं, हे दोन्ही एका भावात बसत नाही.

कट्ट्यात सीमाभागातली माणसं असतील तर बैठक लांबते, वेळ धरून चला. साठ-सत्तर वर्षं आम्ही कागद सांभाळत आलोय: सातबारा, मतदारयाद्या, महाजन अहवालावरची कात्रणं. पुराव्याचा विषय निघाला की प्रत्येकाच्या ट्रंकेतलं काहीतरी बाहेर येतं. शेजारच्या कानडी अक्का भिंतीपलीकडून ऐकत असतात. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "खरेन?" खरं हा शब्द आमच्यात आणि त्यांच्यात एकच आहे. मी म्हटलं, "अक्का, अर्धं." त्या म्हणाल्या, मग अर्धंच सांगा.

शेवटी राहतं पुस्तक. ते कपाटातून काढू नका. आत चिठ्ठी लावा: कोणत्या तारखेला कुणी काय विचारलं, लेखकानं काय उत्तर दिलं, आणि खाली थोडी जागा मोकळी, पुढे काही कळलं तर लिहायला. चार ओळींत बसवा, विशेषणं नकोत. चिठ्ठी कुठं लावायची यावर आमचं जमलेलं नाही. मी म्हणते पहिल्या पानावर, अण्णा म्हणतात शेवटच्या, आधी वाचू द्या की माणसाला. तोवर ती सुटीच आहे आत. गेल्या शनिवारी वहिनींनी पुस्तक स्वतः वाचते म्हणून नेलं, इंग्रजीतलं, डिक्शनरी घेऊन. परवा बघितलं तर चिठ्ठी बाविसाव्या पानात होती, खूण म्हणून.